नक्कल, प्रत आणि लामत्याचे बंदर

कलाविचारात काही शब्द असे असतात की, ते उच्चारले म्हणजे विचार संपला असे उच्चारणाऱ्यास वाटू लागते. 'नक्कल' हा त्यांपैकीच एक शब्द होय. एखाद्या चित्राला, नाटकाला अथवा कादंबरीला तो चिकटला की पुढे काही पाहण्याची, तपासण्याची वा दाद देण्याची गरज उरत नाही. हा शब्द आम्हीही एकदा असाच सहज उच्चारला. त्याचा परिणाम काय झाला ते पुढे येईलच. प्रस्तुत लेखाचे निमित्त मात्र तेच आहे.

बालाघाट जिल्ह्यातील लामता हे वैनगंगेच्या खोऱ्यातले, सातपुड्याच्या रानाला लागून असलेले गाव. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात मोडत असे आणि आजही येथे हिंदीच्या जोडीने मराठी, पोवारी व गोंडी कानी पडतात. समुद्र येथून शेकडो मैल दूर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूरकडे अरुंद रुळांची गाडी सुरू झाली तेव्हा या भागाचा बाहेरच्या जगाशी संबंध काहीसा जवळचा झाला. ती गाडी आता इतिहासजमा होऊन तिच्या जागी रुंद मार्ग आला आहे. अशा या गावी एका जुन्या मालगुजारी वाड्याच्या बैठकीत आम्ही एक तैलचित्र पाहिले. मालगुजारी १९५१ साली गेली, वाड्याचा पुढचा सोपाही पडला. पण चित्र आपल्या जागी होते.

चित्र एका बंदराचे होते. डावीकडे खांबांच्या ओळीची एक भव्य इमारत, उजवीकडे एक वाटोळा मनोरा आणि त्याच्या माथ्यावर नुकताच लागलेला दिवा. मध्ये पाण्याच्या रेघेला टेकलेला सूर्य. तीन डोलकाठ्यांची दोन जहाजे, त्यांची शिडे अर्धी उतरविलेली. पुढच्या बाजूस दगडी धक्का, त्यावर गाठोडी, पिंपे, एक पालथा पडलेला नांगर आणि दहाबारा माणसे. घरची वडीलधारी मंडळी या चित्राला 'मुंबईचं बंदर' म्हणत. पणजोबा हिरडा आणि लाख घेऊन मुंबईस गेले होते, त्यांनी तेथून हे चित्र आणले, अशी घरची श्रुती. नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ साली आली. त्या गाडीने जाऊन समुद्र पाहून आलेला घराण्यातला पहिला पुरुष, म्हणून पणजोबांचे कौतुक, आणि त्या कौतुकाचा पुरावा म्हणजे हे चित्र.

आम्ही चित्र पाहिले आणि म्हणालो, 'हे मुंबई नव्हे. ही कुठल्या तरी विलायती चित्राची नक्कल आहे.'

घरातील आजी चौकटीत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'मग गुरुजी, मुंबई नाही तर हे गाव कोणतं, ते तरी सांगा.' त्यांच्या प्रश्नाला आमच्यापाशी त्या दिवशी उत्तर नव्हते. प्रश्न मात्र खरा होता आणि तो आमचा पाठलाग करीत राहिला.

हे मुंबई नव्हे, एवढे म्हणण्यास आधार भक्कम होता. मुंबईचे बंदर बेटाच्या पूर्वेस आहे. तेथे धक्क्यावर उभे राहून पाण्यातून वर येणारा सूर्य दिसेल. मावळणारा सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी, शहरापलीकडे समुद्रात बुडतो. प्रस्तुत चित्रात तर दिवेलागण झालेली आहे, हमाल कामे आटोपून विसावले आहेत आणि सूर्य बंदराच्या तोंडाशीच मावळत आहे. मुंबईच्या बंदराच्या पार्श्वभूमीला असणारे पलीकडच्या किनाऱ्याचे डोंगर येथे नाहीत. फत्तेमारी, मचवा, पडाव यांपैकी एकही गलबत नाही. दुसरी खूण याहून सूक्ष्म. धक्क्यावर उभ्या असलेल्या दोन सरदारांच्या तलवारी उजव्या कमरेला लटकत आहेत आणि दोर ओढणारा खलाशी डावखुरा आहे. एक माणूस डावखुरा असणे शक्य आहे. सारेच डावखुरे असले म्हणजे चित्र कोठेतरी उलटे झाले, असे समजावे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणारा कारागीर मूळ चित्र जसेच्या तसे पत्र्यावर उतरवितो तेव्हा कागदावरचा छाप आरशातल्यासारखा उलटा येतो. म्हणजे आमच्या चित्रकारासमोर मूळ तैलचित्र नव्हते. होता तो छापील कागद.

येथून शोधाची वाट युरोपात जाते. सायंप्रकाशात न्हालेले बंदर, एका बाजूस राजवाड्यासारखी इमारत, दुसऱ्या बाजूस मनोरा वा जहाजे आणि मधोमध सूर्य, ही मांडणी सतराव्या शतकात रोममध्ये राहून काम करणाऱ्या क्लोद लोरॅं या चित्रकाराने रूढ केली. त्याचे शेबाच्या राणीच्या प्रस्थानाचे १६४८ चे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. क्लोदची चित्रे इतकी मागणीस आली की, त्याच्या हयातीतच त्यांच्या नकला खपू लागल्या. तेव्हा त्याने एक उपाय योजला. आपल्या प्रत्येक चित्राचे एक रेखाटन तो एका वहीत करून ठेवू लागला, की कोणते चित्र आपले आणि कोणते तोतयाचे याचा निवाडा व्हावा. त्या वहीस 'सत्याचे पुस्तक' अशा अर्थाचे लॅटिन नाव पडले. पुढे काय झाले? १७७७ साली रिचर्ड अर्लम याने त्या वहीतील रेखाटनांचे छाप कोरले, बॉयडेल या लंडनच्या प्रकाशकाने ते विकले आणि नकलांपासून रक्षण करण्यासाठी जन्मलेली वही नकलाकारांचा कित्ता होऊन बसली! दैवगतीचा याहून मार्मिक विनोद कलेच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

दुसरा मोठा उगम म्हणजे जोझेफ व्हेर्ने. फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या दरबाराने १७५३ मध्ये त्याला देशातील बंदरांची चित्रे काढण्यास सांगितले. योजना चोवीस चित्रांची होती; १७६५ पर्यंत पंधरा पूर्ण झाली. त्यांत मार्सेय, तूलाँ, बोर्दो, ला रोशेल अशी खरीखुरी बंदरे आहेत. मासे कसे धरतात, पिंपे कशी लोटतात, जहाजे कशी डागडुजीला लावतात, हेही आहे. कोशँ आणि ल बा या कोरक्यांनी त्यांचे छाप काढले आणि ते दूरवर पसरले. याखेरीज तिसरा, सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत दूर जाणारा प्रवाह होता. पॅरिस, लंडन, आउग्सबुर्ग आणि इटलीतील बासानो येथे भिंग-आरशाच्या पेटीतून पाहण्यासाठी शहरांचे व बंदरांचे रंगविलेले छाप हजारोंनी निघत. आरशात पाहावयाचे म्हणून त्यांवरचे मथळेदेखील पुष्कळदा उलट्या अक्षरांत छापीत.

हे कागद जहाजांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आले आणि येथील चित्रकारांच्या हाती पडले. याचे उत्तम उदाहरण कच्छचे. अठराव्या शतकाच्या मध्यास भूजच्या राव लखपतजींनी रामसिंह मालम या कारागिराकरवी आयना महाल उभारला. हा रामसिंह हॉलंडातून विविध कसबे शिकून आला होता. महालात विलायती छापचित्रांची गर्दी झाली आणि भूजच्या चित्रकारांनी त्या छापांवरून युरोपातील नगरांची व बंदरांची चित्रे रंगविली. ब्रिजेंद्रनाथ गोस्वामी आणि अन्ना दल्लापिक्कोला या अभ्यासकांनी १९८३ साली कच्छच्या चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे या चित्रांकडे विद्वानांचे नीट लक्ष गेले. भूजच्या चित्रकाराला यथार्थदर्शनाचे विलायती गणित पुरते उमगलेले नव्हते. त्याच्या रस्त्यांच्या रेषा दूर जाता जाता अकस्मात वर चढतात, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, ती चित्रे डोळ्यांना धरून ठेवतात.

महाराष्ट्रात हा प्रवाह अनेक वाटांनी आला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला. त्याने मुंबई बेटाची दृश्ये रेखाटली, १७९२ मध्ये पुण्यास सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे प्रसिद्ध चित्र रंगविले आणि १७९५ मध्ये याच भूमीत त्याचा अंत झाला. इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयाने वेल्सच्या हाताखाली जे पुणेकर शिकले त्यांत गंगाराम तांबट हा अग्रगण्य. वेरूळच्या लेण्यांची त्याची रेखाटने पाहिली म्हणजे विलायती रीत आत्मसात करूनही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते, याची खात्री पटते. पुढे १८५७ मध्ये जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा निघाली. तेथे आणि तिच्या वळणावर चाललेल्या चित्रकलेच्या वर्गांत शिक्षणाचा आरंभ कित्त्यांवरून होई: छापील चित्र समोर ठेवावे आणि ते हुबेहूब उतरवावे. हे कित्ते गिरवून तयार झालेले चित्रकलामास्तर गावोगावच्या शाळांत गेले. नाटक मंडळ्यांचे रंगविलेले पडदे आणि छायाचित्रकारांच्या दुकानांतील पाठपडदे ही त्या हातांची आणखी कार्यक्षेत्रे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्यासारख्या थोर कलावंतांनीही रंगभूमीच्या पडद्यांवर आपला कुंचला घडविला. युरोपचे बंदर समुद्र न पाहिलेल्या गावांत शिरले ते अशा दारांतून.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लामत्याच्या चित्रातील गाव कोणते? क्लोदच्या १६३७ च्या एका बंदरचित्रात रोममधील मेदिची प्रासाद समुद्रकाठी उभा आहे. तो प्रासाद वस्तुतः टेकडीवर आहे. समुद्र तेथून कोसांच्या अंतरावर. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तेच कोणत्याही बंदराचे यथातथ्य चित्र नाही. टर्नरने १८१५ मध्ये कार्थेज नगरीच्या उभारणीचे जे चित्र काढले ते उघडउघड क्लोदच्या मांडणीवर बेतलेले आहे. आपले चित्र क्लोदच्या बंदरचित्राशेजारी टांगावे, अशी अट घालून त्याने ते राष्ट्राला दिले. टर्नरने क्लोदची मांडणी घेतली तर तिला परंपरा म्हणावयाचे आणि भूजच्या वा मध्यप्रांताच्या चित्रकाराने घेतली तर नक्कल, हा न्याय कोणता? कौशल्याचा फरक आम्ही अमान्य करीत नाही. तो फरक अमाप आहे. पण कौशल्य कमी असणे हा एक दोष आणि स्वत्व नसणे हा दुसरा. पहिल्याच्या आधारावर दुसरा सिद्ध होत नाही.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस हा वाद नवा नाही. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' लिहिले. देवलांचा 'झुंझारराव' १८९० मध्ये 'ऑथेल्लो'वरून आला. या कृतींची चर्चा करताना मुळातील काय गमावले, याची यादी आपण तत्परतेने करतो. रूपांतरकाराने काय नव्याने पाहिले, याची यादी करावयास मात्र विसरतो. वस्तुतः आपल्या परंपरेत 'नक्कल' या शब्दाशेजारी 'प्रत' हा दुसरा शब्द आहे आणि दोहोंची प्रतिष्ठा वेगळी आहे. नक्कल फसविते अथवा हसविते, प्रत जपते. पोथी उतरणाऱ्या लहियाला कोणी चोर म्हटले नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो प्रतींवरूनच. प्रती करणारे हात नसते तर नाथांना शुद्ध करावयास काय उरले असते?

प्रत हा शब्द स्वीकारला की अभ्यासाची रीतच बदलते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या कार्यात सुकथनकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतींमधील चुका टाकाऊ मानल्या नाहीत. समान चुकांवरून प्रतींचे कूळ ठरते आणि वेगळ्या पाठावरून प्रदेशाची वहिवाट कळते. चित्रांच्या प्रतींनाही हीच कसोटी लावावी, असे आमचे म्हणणे आहे. उजव्या कमरेच्या तलवारी हा कुळाचा पुरावा. मग प्रदेशाचा पुरावा कोणता?

तो शोधण्यासाठी आम्ही लामत्यास दुसऱ्यांदा गेलो आणि या खेपेस चित्र पाहण्यात तास घालविला. छापील कागद बहुधा कृष्णधवल असावा. कारण रंगांच्या बाबतीत चित्रकाराला कोणाचाच आधार नव्हता आणि म्हणून तेथे तो मोकळा झाला आहे. त्याने पाण्याला निळा रंग दिलेला नाही. ते गढूळ हिरवे आहे, काठाशी मातकट, पावसाळा ओसरल्यावर वैनगंगेचे असते तसे. लाटा समुद्राच्या नाहीत. समुद्राची लाट किनाऱ्याकडे येते व फुटते, येथले पाणी एकाच दिशेने वाहत आहे आणि धक्क्याच्या कोपऱ्याशी त्याला नदीसारखा भोवरा पडला आहे. जहाजांच्या पायथ्याशी असलेल्या लहान नावेत उभा असलेला माणूस वल्हे मारीत नाही. तो बांबूने तळ रेटीत आहे, जसा आमचा धीवर डोंगा रेटतो. एवढ्या खोल बंदरात बांबू तळाला लागणार कसा, हा प्रश्न चित्रकाराला पडला नाही. त्याला पाणी माहीत होते, पण ते नदीचे. जेथे कित्ता मुका झाला तेथे त्याचा स्वतःचा अनुभव बोलू लागला.

या ठिकाणी एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ज्या काळात मुंबईच्या शाळेत विलायती कित्ते गिरविले जात होते त्याच काळात अजिंठ्याच्या भिंती झिजत होत्या; परक्या बंदरांच्या प्रतींचे कौतुक करणे म्हणजे त्या गुलामगिरीचेच कौतुक नव्हे काय? आम्ही याचे उत्तर अजिंठ्यातूनच देऊ. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून अजिंठ्याच्या प्रती केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाल्या. मग ग्रिफिथ्सने १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या शाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्यांचाही मोठा भाग १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेला. जे उरले त्यातून अजिंठ्याच्या पुसट झालेल्या कित्येक आकृती आज आपल्याला वाचता येतात. कित्ते गिरवून घोटलेल्या त्याच हातांनी हे काम केले. कित्त्यांची सक्ती अन्याय्य होती, यात शंका नाही. परंतु त्या सक्तीखाली काम करणाऱ्या हातांना आपणही तुच्छ लेखले तर अन्याय दुप्पट होतो. राज्यकर्त्यांनी त्यांना नक्कल करावयास लावले आणि आम्ही त्यांना नकलाकार म्हणून पुसून टाकले, असे म्हणण्याची पाळी येते.

तथापि प्रत्येक प्रत ही कला आहे, असा आमचा दावा मुळीच नाही. ज्या प्रतीत करणाऱ्याचा डोळा कोठेच उघडत नाही, छापातील सावल्यासुद्धा जो रेषा मोजून उतरवितो, ती प्रत निर्जीवच होय आणि अशा निर्जीव प्रती शेकड्यांनी असतील. आमचे म्हणणे इतकेच की, जिवंत कोणती आणि निर्जीव कोणती हे पाहून ठरवावे. शब्दाने ठरवू नये.

आता त्या शब्दाच्या परिणामाविषयी. दुसऱ्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा बैठकीच्या भिंतीवर चित्र नव्हते. त्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन तेवढा दिसत होता. घरातील तरुण मंडळींनी आमचे पहिल्या भेटीतील वाक्य ऐकले होते. नक्कल आहे तर बैठकीत कशाला, म्हणून चित्र उतरवून धानाच्या कोठीत भिंतीला टेकून ठेवले होते. तोंड भिंतीकडे. दोन पावसाळ्यांच्या ओलीने एका कोपऱ्याचा रंग पोपडे धरून सुटला होता. आम्ही ते तेथेच, कोठीच्या दारातील उजेडात पाहिले. वर जे लिहिले ते सारे त्या उजेडात दिसलेले आहे.

आजींना आम्ही बाहेर बोलावले आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. हे गाव पृथ्वीवर कोठेच नाही. एका फिरंगी चित्रकाराच्या मनातले बंदर कागदावरून कागदावर होत आपल्याकडे आले. पणजोबांनी मुंबई पाहिली हे त्यामुळे खोटे ठरत नाही. आणि यातले पाणी मात्र आपल्या गंगेचे आहे. त्यांनी डोंगा रेटणाऱ्या माणसावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, 'हा तर आमच्या घाटावरचा. लहानपणापासून पाहते, पण कधी कोणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही.' आमच्या तासाभराच्या निरीक्षणाचे सार त्यांना आधीच ठाऊक होते!

असे वाडे आज झपाट्याने पाडले जात आहेत आणि त्यांतील चित्रे जुन्या सामानाच्या बाजारात जात आहेत. चौकटीचे लाकूड विकले जाते; चित्राची किंमत कोणी विचारीत नाही, कारण ती 'नक्कल' असते. समीक्षकाने उच्चारलेला शब्द ग्रंथातच राहतो अशी आपली समजूत असते. तो धानाच्या कोठीपर्यंत जाऊन पोहोचतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. म्हणून संग्रहालयांच्या सूचींत आणि आपल्या लेखनात या चित्रांची नोंद यापुढे तरी नीट व्हावी. लामत्याच्या चित्राखाली आम्ही लिहू ते असे: युरोपीय छापचित्रावरून केलेली तैलरंगातील प्रत, मांडणी परकी, पाणी वैनगंगेचे.